माझी कावीळ आणि शुक्रवारची तालीम

कावीळ झाली हे कळलं तेव्हा मला आधी भीती वाटली नाही, लाज वाटली. ज्या वॉर्डात इन्चार्ज नर्स म्हणून मी सगळ्यांना धाकात ठेवलं, त्याच वॉर्डात आता माझ्यासाठी खाट झटकली जाणार होती.

बोलायची मला सवय नाही. नोकरीचा बराच काळ दुसऱ्यांना 'गप्प बसा' म्हणण्यात गेला आणि उरलेला स्वतः गप्प बसण्यात. आमच्याकडे कावीळ झालेलं माणूस गळ्यात मुळ्यांची माळ घालून घरीच पडून राहतं, आणि पार गळाठलं की मग त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणतात. अशा लोकांसाठी काहीतरी लिहा, असं आमचे डॉक्टर साळवे म्हणाले. पथ्य लिहायला एक ओळ पुरते: तेल-तूप सोडा, ऊस खा, लाह्या खा, पाणी उकळून प्या, पडून राहा आणि डॉक्टरला वेळेत दाखवा.

बाकीचं पथ्यापेक्षा अवघड आहे. तेच लिहिते. गावाचं नाव लिहीत नाही. जालन्याच्या बाजूचा एक सरकारी दवाखाना, एवढं पुरे.

पोलक्याचा गळा

दुष्काळ सरून एक-दोन पिकं घरात आली होती तेव्हाची गोष्ट. महिनाभर मला अन्नावरची वासना नव्हती. फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळायचं. वय झालं, असं मी मनाशी धरून चालले होते. पांढऱ्या पोलक्याच्या गळ्याला पिवळी कड धरायला लागली, तर मी धोब्याला झापलं. तो बिचारा म्हणाला, "बाई, माझ्या भट्टीत बाकीचे कपडे पांढरेच निघून राह्यलेत." मी त्याला उलट बोलू नको म्हटलं.

दर शनिवारी सकाळी ओपीडी उघडायच्या आधी आमच्याकडे बैठक असायची. ही डॉक्टर साळव्यांनी आणलेली पद्धत. व्हरांड्यात एक सतरंजी अंथरायची. डॉक्टर, मी, रशीदभाई कंपाउंडर, नर्स, आया, झाडूवाला, सगळे तिच्यावर मांडी घालून बसायचे. नोकरीत जो सगळ्यात नवा, त्यानं आधी बोलायचं. आठवड्यात काय चुकलं, काय कमी पडलं, ते सांगायचं. साहेब सगळ्यांत शेवटी बोलणार.

त्या शनिवारीही पहिली पाळी कुसुमची होती. ही आमची नवी नर्स, नुकती शिकून आलेली. ती उठली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "साहेब, बाईंची तब्येत बराबर न्हाई. किती दिवसांची मी बघून राह्यले."

मी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी असती तर खाली बसली असती. ती उभीच राहिली.

डॉक्टर सरकत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, हात दाखवा." मी हात मागं घेतला. त्यांनी परत मागितला. तळवा उलटा करून नखं पाहिली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "लघवी कशी होतेय?" रशीदभाईंनी मान दुसरीकडे वळवली. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. डॉक्टर म्हणाले ते मात्र अजून कानात आहे.

"कावीळ आहे. अंगावर बरीच काढलीय तुम्ही. आजपासून तुम्ही पेशंट."

मी उठून वॉर्डाकडे निघाले. इतकी वर्षं दुसऱ्यांना खाटेवर झोपवलं, पण खाटेकडं चालत जाताना माणसाला काय वाटतं हे मला माहीतच नव्हतं.

मंठ्याहून माणसं आली

मी लहानपणीच विधवा झालेली. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, सगळ्या भावकीचा विरोध पत्करून मला नर्सिंगला घातलं. तो मंठ्याला शेती बघतो. निरोप मिळताच तो आणि वहिनी आले.

दादानं वॉर्ड पाहिला आणि व्हरांड्यात डॉक्टरांना पाहिलं. माझ्या खाटेशी येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "आक्का, औरंगाबादला चल. मोठ्या दवाखान्यात टाकतो. खर्चाची फिकीर करू नको. या साळव्याच्या हाताखाली पडायचंय का तुला?"

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. ते कळायला मला काही त्रास पडला नाही, कारण तेच माझ्याही मनात होतं. साळवे डॉक्टर बौद्ध घरातले. वडिलांनी धर्म बदलला तेव्हा ते शाळेत होते. मी मोठ्या शेतीवाल्यांची लेक. एका सतरंजीवर बसून मी त्यांना 'साहेब' म्हणायची, पण त्या 'साहेब'मध्ये एक काटा असायचा. तो त्यांना कळत होता की नाही, मी कधी विचारलं नाही.

मी दादाला म्हटलं, "मला इथंच राहू दे. एसटीत बसवत न्हाई."

वहिनी थांबली. तिच्या पिशवीत काविळीची माळ होतीच. "वन्सं, एरवी बोलावून बोलावून दमले, पर दोन दिस माहेरी राह्यला आल्या न्हाईत. आता कावीळ झाली तवा माझी सेवा गोड लागून राह्यली का?" असं म्हणत तिनं माळ माझ्या गळ्यात घातली. ज्या माळेसाठी मी पेशंटांच्या सासवांशी भांडायची, ती निमूट घालून घेतली. डॉक्टरांनी पाहिली आणि म्हणाले, "राहू द्या. फक्त औषधही घ्या."

वहिनी लाह्या निवडून माझ्या हातात देत बसायची. दादा जाताना माझ्याशी बोलला नाही.

शुक्रवारची तालीम

आता जे सांगायचं ते सांगते.

साळव्यांच्या आधी आमच्याकडे जे डॉक्टर होते त्यांना सगळे मोठे साहेब म्हणायचे. त्यांचा राउंड निघाला की खोकणाराही खोकला दाबून धरायचा. त्यांना 'संपलं' हा शब्द चालत नसे. रॉकेल संपलं असं कुणी सांगितलं की ते विचारायचे, "कुणी विकलं?" एका आयाला त्यांनी एवढ्यावरून काढून टाकलं. तेव्हापासून दवाखान्यात काही संपलं तरी ते साहेबांपर्यंत जात नसे. ते माझ्यापर्यंत यायचं आणि मी निभावून न्यायची. याचा मला अभिमान होता.

रॉकेल रेशनवर झालं तेव्हा सुया-सिरिंजा उकळायच्या स्टोव्हला ते पुरेना. मी एक रीत बसवली. सकाळी एकदाच ट्रे उकळायचा. एका पेशंटला टोचलं की फक्त सुई बदलायची, काचेची सिरिंज वाटीतल्या कोमट पाण्यात खळखळवायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं. शिकताना मला काय शिकवलं होतं ते मला आठवत होतं. पण एक दिवस निभला, दुसरा निभला, आणि मग ती दवाखान्याची पद्धतच झाली.

मोठे साहेब बदलून गेले, साळवे आले आणि पहिल्याच शनिवारी सतरंजीवर बसून त्यांनी विचारलं, "काय कमी पडतं?"

तेव्हाच सांगता आलं असतं. पण सांगणं म्हणजे इतकी वर्षं मी काय चालवलं ते सांगणं. आणि तेही यांना? मी सांगितलं नाही. आणखी कुणी सांगू नये याची व्यवस्था केली. दर शुक्रवारी ओपीडी आटोपली की मी सगळ्यांना ड्रेसिंगच्या खोलीत उभं करायची आणि उद्या कुणी काय बोलायचं ते वाटून द्यायची. "कुसुम, तू चादरींचं बोल. रशीदभाई, तुम्ही खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या. मावशी, तू संडासाच्या पाण्याचं." आणि मग शनिवारी माझ्यासमोर ते तसंच व्हायचं.

साहेब खूश. त्यांना वाटलं माणसं बोलायला लागली. त्यांनी धावपळ करून चादरी आणल्या, बाटल्या आणल्या. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे लोक मोकळे बोलतात." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असणार.

शेजारची खाट

माझ्या शेजारच्या खाटेवर कुंभार पिंपळगावची गया होती. सातवा महिना, अंगात रक्त नाही, म्हणून ठेवून घेतलेली. तोंडाची मोठी फटकळ. पहिल्याच सकाळी माझ्याकडे टक लावून म्हणाली, "बाई, तुम्ही तर हळद लागलेल्या नवरीवाणी दिसून राह्यल्या!"

तिच्या सासूनं कपाळावर हात मारला. मला, या वयाच्या विधवेला, ती नवरी म्हणाली होती. आणि मला हसू आलं. कित्येक दिवसांत आलं नव्हतं इतकं हसू आलं. गया पण हसली. त्यानंतर ती दिवसभर माझ्याशी बोलायची. पोरगी झाली तर नाव काय ठेवू, नवरा किती भोळा, सासू मीठ कसं लपवते. वॉर्डात इतकी वर्षं काढली, पण पेशंटा-पेशंटांमध्ये असं बोलणं चालतं हे मी ऐकलंच नव्हतं. मी आले की ते बंद पडत असणार.

मला आणि गयाला दोघींनाही रोज सकाळी ताकदीचं इंजेक्शन होतं. आधी माझी खाट, मग तिची.

त्या दिवशी कुसुम ट्रे घेऊन आली. मला टोचलं. सुई काढताना मी सहज मान वळवली, तर सिरिंजच्या टोकाशी काचेत रक्ताचा बारीक दोरा दिसला. माझं रक्त. कुसुमनं सुई बदलली, सिरिंज वाटीतल्या पाण्यात खळखळवली, औषध भरलं आणि गयाकडे वळली.

काविळीच्या माणसाची सिरिंज. आणि पुढे पोटुशी बाई.

एक शब्द पुरे होता. 'थांब' म्हटलं असतं तरी झालं असतं. कुसुम थांबली. सिरिंज हातात धरून तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसत होतं. आणि मी डोळे मिटून घेतले.

का? मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. 'थांब' म्हटलं असतं तर सगळ्या वॉर्डानं विचारलं असतं, का थांब? मग आजपर्यंत का नाही थांबवलं? एवढंच कारण होतं. दुसरं मला सापडलेलं नाही. माझ्या हातून असं होईल हे मला कुणी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

गया कंबर चोळत म्हणाली, "आज कमी दुखलं बघा. तुम्ही शेजारी हायेत म्हणून ही पोरगी नीट टोचून राह्यली."

मी भिंतीकडे तोंड केलं. वहिनीनं विचारलं, "वन्सं, कळ आली का?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी कुसुमला म्हटलं, "मला नको सुई." ती म्हणाली, "साहेबांनी लिहिलंय." मी म्हटलं, "मी सांगते ना." ती ट्रे घेऊन पुढे गेली. माझं रक्त पुढच्या खाटेवर जाऊ नये म्हणून एवढं मी केलं. चोरून.

रॉकेल

शनिवार आला. मी खाटेवर असल्यामुळे आदल्या दिवशी तालीम झाली नव्हती. माझी खाट खिडकीशी, आणि खिडकीबाहेरच व्हरांडा. सगळं ऐकू येत होतं.

डॉक्टर म्हणाले, "कुसुम, बोला."

कुसुम म्हणाली, "साहेब, चादरी कमी पडून राह्यल्यात."

"चादरी? चादरी तर आल्या ना! तुम्हीच तर मोजून घेतल्या."

मग आया म्हणाली संडासाला पाणी नाही. डॉक्टर म्हणाले, "मावशी, हौद तर भरून वाहतोय." रशीदभाईंनी बाटल्यांचं काढलं. त्याही आलेल्या होत्या. मी खिडकीआड पडून ऐकत होते. माझीच वाक्यं होती ती, मागच्या आठवड्यांची. नवं कुणी दिलं नव्हतं म्हणून जुनीच म्हणत होते. दवाखान्यातल्या सगळ्या माणसांची जीभ मी कापून ठेवली आणि तिथं माझी बसवली, असं मला तेव्हा दिसलं.

डॉक्टरांचा आवाज उतरला. "मग खरंच काय कमी आहे? कुणी तरी सांगा."

बाहेर ओपीडीला आलेल्या पोरांचं रडणं तेवढं ऐकू येत होतं.

"रॉकेल," मी खिडकीतून म्हटलं. बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. परत म्हटलं, "रॉकेल कमी आहे, साहेब."

वहिनीनं मला धरून बाहेर नेलं. मी सतरंजीवर बसले आणि सगळं सांगितलं. मोठ्या साहेबांपासून परवाच्या सकाळपर्यंत. गयाचं पण सांगितलं.

डॉक्टर साळवे ताडकन उठले. मी त्यांना कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. ते ओरडले, "तुम्ही माणसं आहात का? रोज? रोज असंच?" लाथेसरशी पाण्याचा तांब्या व्हरांड्यातून अंगणात गेला. ते आत जाऊन दार लावून बसले. आम्ही सगळे तसेच बसून. मला वाटलं, मोठे साहेब परत आले.

थोड्या वेळानं ते बाहेर आले, तोंड धुतलेलं होतं. खाली बसले. म्हणाले, "कुसुम, पाळी तुमचीच आहे. तालमीतलं नको. तुमचं बोला."

कुसुम रडतच म्हणाली, "मला ठाऊक व्हतं साहेब. आम्हाला शिकवलंय हे. त्या दिशी मी सिरिंज धरून बाईंकडं बघून राह्यले व्हते. मला वाटलं, आता तरी म्हणतील, नको टोचू. त्या म्हणल्या असत्या तर..."

माझी खात्री होती की ती माझ्या हुकमाची वाट बघत होती. ती माझ्या नकाराची वाट बघत होती, हे मला त्या सतरंजीवर कळलं.

रशीदभाई म्हणाले, "साहब, बाईंना एकटीला धरू नका. मला बी मालूम व्हतं. पेशंटांना सुईच्या जागी गळवं होतात, ती मीच फोडतो. मी त्यांना म्हणायचो, तुम्ही घाणेरडा हात लावला. मला काय कळत न्हवतं?"

डॉक्टर म्हणाले, "आणि मी दर शनिवारी विचारत होतो म्हणून मला वाटत होतं की मी वेगळा आहे. विचारलं म्हणजे झालं, असं वाटत होतं."

हात वर

रॉकेल, स्टोव्ह, उकळणं, हे सगळं लगेच ठरलं. अडलं ते पुढे. पेशंटांना सांगायचं का?

रशीदभाई म्हणाले, "बिलकुल नको. लोक दवाखान्यात पाय ठेवणार न्हाईत. बाळंतिणी घरीच मरतील." त्यांचं खोटं नव्हतं. आया म्हणाली, दगड मारतील. बरीच वादावादी झाली. डॉक्टर म्हणाले, "आपली पद्धत आहे ना, मग हात वर करा. सांगू नये म्हणणारे?"

सगळे हात वर गेले. कुसुमचा अर्धवट. माझाही गेला. हे मला लिहायलाच पाहिजे. सगळं कबूल करून तास झाला नव्हता आणि माझा पिवळा हात वर होता.

डॉक्टरांनी हात पाहिले आणि विचारलं, "ज्यांच्या अंगात ती सुई गेली, त्यांच्यातलं कोण आहे इथं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्यातली एकटी मीच होते, आणि माझा हात वर होता.

मला धरून मागं बसलेली वहिनी एकदम बोलली. "माझ्या नणंदेला तीच सुई टोचली. मला सांगायला नको का कुणी? आम्ही काय ढोरं हाय, टोचलं की गप उभं राह्यला?"

रशीदभाई म्हणाले, "भाबी, तुम्ही बैठकीत न्हाई."

"मंग घ्या की बैठकीत! सतरंजी तर एवढी मोठी हाय."

डॉक्टरांनी स्वतः सरकून जागा केली. म्हणाले, "हे आपण ठरवायचं नव्हतंच. मी चुकीचा प्रश्न विचारला. त्यांना सांगायचं. कोण सांगणार?"

वॉर्डातल्या बाकीच्यांना त्यांनी स्वतः सांगितलं. गयाला मी सांगते, असं मीच म्हणाले.

गया

ती शेंगा सोलत होती. मी तिच्या खाटेवर बसले नाही, उभी राहिले. सगळं सांगितलं. शेंगा सोलायचं तिनं थांबवलं नाही. मग थांबली.

"मंग मला बी व्हईल कावीळ?"

"होईलच असं नाही. होऊ शकते."

"लेकराला?"

"माहीत नाही, गया. साहेब लक्ष ठेवणार आहेत."

"कधी कळंल?"

"महिने लागतील."

ती पोटावर हात ठेवून बसली. मग तिनं विचारलं, "सुई माझ्याकडं आली तवा तुमाला दिसलं व्हतं?"

"हो."

"अन् तुम्ही डोळे मिटले. मला वाटलं, तुमाला झोप लागली."

तिनं पदर तोंडावर घेतला आणि कूस बदलली. सासूनं मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. त्यातला एक शब्दही मी इथं लिहीत नाही, पण एकही चुकीचा नव्हता. संध्याकाळी गयाची खाट वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला हलवली. ती गावी जायला निघालीच होती. डॉक्टर तिच्या सासूपुढे बसून बोलले, आणि बाळंत होईपर्यंत ती राहिली. हसली मात्र नाही. वॉर्डात कुणीच हसलं नाही काही दिवस.

नंतर

रशीदभाई म्हणाले तसं झालंच. ओपीडीची गर्दी आटली. दोन बायका खाट सोडून गेल्या. एक जण डॉक्टरांना शिव्या देऊन गेला, ते ऐकून घेत उभे राहिले. मला वरून लेखी ताकीद आली. दादानं पत्र पाठवलं नाही.

पण बैठक बदलली. पेशंटांचे नातेवाईक येऊन बसायला लागले. लोक भांडायचे. अर्ध्या तासाची बैठक लांबत जायची, बाहेर पोरं रडायची, डॉक्टर वैतागायचे. एकदा एका म्हातारीनं विचारलं, "एवढ्या सुया कशापायी? गोळी न्हाई का?" डॉक्टर थांबले, विचार केला, आणि बऱ्याच सुया खरोखरच बंद झाल्या. सिरिंज उकळलेली नसेल तर ट्रे ज्याच्या हातात त्यानं 'नाही' म्हणायचं, मग समोर कुणी का असेना, असं ठरलं. कुसुमनं एकदा खुद्द डॉक्टरांना नाही म्हटलं. त्यांचा चेहरा पडला, पण ते थांबले. गळवं फोडायला येणारी माणसं हळूहळू दिसेनाशी झाली. रशीदभाई म्हणाले, "आता मला काम न्हाई उरलं." गर्दी परत आली, पण तिला वेळ लागला.

माझी कावीळ उतरली. ती पाण्यातून आली की माझ्याच बोटात कधी रुतलेल्या सुईतून, ते कुणालाच कळलं नाही. उठून चालायला लागले तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, मला दुसरीकडे बदली मागायची आहे. ते म्हणाले, "मागा. पण शनिवारी बैठकीत मागा." मी मागितली नाही.

कुंभार पिंपळगाव

गया बाळंत झाली, मुलगी झाली. दोघींनाही कावीळ नव्हती. पण महिने लागतात, हे मीच तिला सांगितलं होतं. ती गावी गेली आणि मला राहवेना. सुट्टीच्या दिवशी मी एसटीनं जायची. दारात उभी राहून म्हणायची, "गया, जरा उजेडात ये." ती यायची. मी तिची पापणी खाली ओढून पाहायची, मग पोरीची. पांढरं दिसलं की परतायची. ती एक शब्द बोलायची नाही. प्रत्येक वेळी जाताना मी उपाशीच निघायची, आणि परतताना मी पोटभर जेवायची.

बरेच महिने गेले. शेवटी गेले तेव्हा पोरगी बसायला लागली होती. मी पापणी ओढायला हात पुढे केला, तर गयानं तो धरला.

"बाई, एक बोलू? आता येत नका जाऊ."

"का गं? अजून काही दिवस बघितलं पाहिजे."

"तुम्ही मोटारीतून उतरल्या की गल्लीतल्या बाया माझं तोंड बघायला येतेत. सासू दोन दिस माझ्या हातचं पाणी पीत न्हाई. पोरीला कुणी उचलून घेत न्हाई. तुम्ही बघून जाता, तुमचा जीव थंड व्हतो. माझ्या घरात मातर तवाच कावीळ येती."

मला यातलं काही सुचलं नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं.

"पण काही झालं तर?" मी विचारलं.

"तर मी येईन की दवाखान्यात. बोलवायची वाट न्हाई बघणार. येईन, बसीन, अन् सगळ्यांम्होरं बोलीन."

तिनं माझा हात सोडला आणि पोरीला उचलून आत गेली.

मी परत गेले नाही. शनिवारी बैठकीला गावोगावच्या बाया येऊन बसतात, तेव्हा खाली बसायच्या आधी मी एकेकीचं तोंड पाहून घेते. गया त्यांच्यात नसते. मग मी बसते.